हाय प्रेस आणि काउंटर खेळणाऱ्या संघाला कसं तोंड द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या शाळा, कॉलेज आणि क्लबच्या फुटबॉल संघांचे कोच आणि खेळाडू जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. ती अकरा जणांचा खेळ धरून लिहिली आहेत. पावसातलं मैदान आणि टर्फ यांचा विचार शेवटी वेगळा केला आहे.

समोरचे सगळेच धावत अंगावर येतात. यालाच हाय प्रेस म्हणायचं का?

नाही. हाय प्रेस म्हणजे तुम्ही आपल्या गोलजवळून खेळ सुरू करतानाच त्यांनी वर येऊन, ठरवून बॉल हिसकावणं. प्रेसमध्ये पहिला खेळाडू बॉलकडे येतानाच एका बाजूचा पास बंद करत येतो. त्याच्या मागचे दोघे-तिघे जवळचे पास झाकतात आणि बॉल त्यांना हव्या त्या बाजूला, बहुतेक वेळा बाजूच्या लाइनकडे, ढकलतात. एकटा स्ट्रायकर धावत आला आणि त्याच्या मागे पंधरा-वीस मीटर मोकळे असतील, तर तो फक्त दमतोय. त्याच्या बगलेतून एक पास काढला की तो खेळाबाहेर.

काउंटर, म्हणजे बॉल हिसकावताच केलेला झटपट हल्ला, हा याच खेळाचा पुढचा भाग. तुम्ही बॉल घेऊन पसरलेले असताना तो त्यांना मिळतो आणि तुमच्या दोन सेंटर बॅकमध्ये (मधल्या बचावपटूंमध्ये) वीस मीटरची खिंड असते. जर्मन कोच राल्फ रांगनिक यांच्या संघांचा हिशेब सरळ होता: बॉल गेला की आठ सेकंदांत परत मिळवायचा आणि मिळाल्यापासून दहा सेकंदांत गोलवर मारायचा. म्हणून अशा संघाविरुद्ध ‘बॉल जाऊच द्यायचा नाही’ असं ठरवून उतरण्यात अर्थ नसतो. बॉल जाणारच आहे. तो कुठे गेला तर चालेल आणि तेव्हा आपली माणसं कुठे उभी असतील, हे मात्र आधी ठरवता येतं. खालची बहुतेक उत्तरं याच भोवती फिरतात.

ते नेमके कधी धावायला लागतात, हे कसं ओळखायचं?

पहिल्या दहा मिनिटांत बेंचवरच्या एकाला कागद-पेन देऊन बसवा. प्रत्येक वेळी ते धावले त्याच्या आधी काय झालं, एवढंच त्याने लिहायचं. साधारणपणे यांपैकी काहीतरी दिसतं: गोलकीपरकडे मागे पास गेला, एका सेंटर बॅककडून दुसऱ्याकडे हळू, आडवा पास गेला, फुलबॅकने (बाजूच्या बचावपटूने) लाइनकडे तोंड करून बॉल घेतला, कुणाचा पहिला टच सुटला, बॉल टप्पे खात आला. काही संघ एकच माणूस हेरतात, सहसा ज्याचा डावा पाय कच्चा आहे असा सेंटर बॅक. त्याच्याकडे बॉल गेला की सगळे सुटतात.

हळू आडवा पास हा सगळ्यांत महाग. वीस मीटरचा पास पोहोचायला दोन सेकंद लागले, तर सतरा वर्षांचा चपळ मुलगा तेवढ्यात बारा-चौदा मीटर येतो. तोच पास जोरात, एका सेकंदाच्या थोड्या वर पोहोचला, तर तो अजून सात मीटर लांब असतो आणि घेणाऱ्याला मान वर करून बघायला वेळ मिळतो. ‘प्रेसमध्ये घाबरतात’ असं ज्या संघांबद्दल बोललं जातं, त्यातल्या निम्म्यांची अडचण घाबरण्याची नसून पासच्या जोराची असते.

कागदावर आणखी एक गोष्ट लिहायला सांगा: ते किती जणांनी वर येतात. तीन, चार की सहा? पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर चालतो.

गोल किकवरून पास देत निघायचं की सरळ लांब मारायचं?

आधी मोजा. त्यांचा गोलकीपर त्यांच्या गोलजवळच राहतो, म्हणजे तुमच्याकडे बॉल असताना मैदानात तुमचे अकरा आणि अडवायला त्यांचे दहा. एक माणूस कायम मोकळा असतो. त्यांनी चार जण वर पाठवले तर तुमचा गोलकीपर, चार बॅक आणि सहा नंबर (बॅकच्या लगेच पुढचा मिडफिल्डर) मिळून सहा विरुद्ध चार होतात. इथे खालून निघणं शक्य आहे आणि निघावं. त्यांनी सहा-सात जण पाठवून प्रत्येकाला माणूस लावला, तर मागे तुमच्या पुढच्या तिघांसमोर त्यांचे तीन-चारच उरतात आणि त्यांच्या पाठीमागे अर्धं मैदान रिकामं असतं. तेव्हा लांब मारणं हाच शहाणपणा. त्याला भित्रेपणा म्हणू नका.

म्हणजे हा प्रश्न तत्त्वाचा नाही, मोजणीचा आहे. तो दर गोल किकला नव्याने सोडवायचा आणि सोडवायचा गोलकीपरने, कारण सगळं मैदान त्याच्यासमोर असतं.

गोल किकला खेळाडू उभे कुठे करायचे?

२०१९पासून नियम बदलला आहे. गोल किक आता पेनल्टी एरियाच्या बाहेर जाण्याची वाट बघावी लागत नाही. किक मारून बॉल स्पष्ट हलला की तो खेळात आला. तुमचे खेळाडू एरियात उभे राहून पास घेऊ शकतात. समोरच्यांना मात्र बॉल खेळात येईपर्यंत बाहेरच थांबावं लागतं. गोल एरियाची रेषा गोलपासून साडेपाच मीटरवर आणि पेनल्टी एरियाची साडेसोळा मीटरवर. म्हणजे पहिल्या धावणाऱ्याला किमान अकरा मीटर कापायचे असतात, आणि ते फुकट मिळालेले दीड-दोन सेकंद आहेत. शालेय सामन्यांत अजून काही मुलं जुन्या सवयीने एरियाबाहेर जाऊन उभी राहतात आणि हे सेकंद दान करून टाकतात.

दोन सेंटर बॅक एरियाच्या आत, गोल एरियाच्या दोन्ही कोपऱ्यांच्या थोडे बाहेर. फुलबॅक त्यांच्या रांगेत नकोत. ते पेनल्टी एरियाच्या वरच्या रेषेच्याही पुढे, लाइनपासून दोन पावलं आत. सहा नंबर डीच्या (एरियाच्या रेषेपुढच्या अर्धगोलाच्या) आसपास. बाकीचे मिडफिल्डर आणि पुढचे तिघे लांब, शक्य तितके वर.

बिघडतं कुठे? फुलबॅक सेंटर बॅकच्या शेजारी येतो आणि त्यांचा एकच विंगर दोघांना सांभाळतो. किंवा आठ नंबर आणि दहा नंबर (पुढचे दोन मिडफिल्डर) ‘मदतीला’ खाली येतात आणि येताना आपापला मार्कर, म्हणजे त्यांच्यावर लावलेला समोरचा माणूस, सोबत घेऊन येतात. मग एरियासमोर दहा-बारा जणांची गर्दी होते आणि पास काढायला फट उरत नाही. इथे मदत म्हणजे लांब राहणं. तुम्ही वर उभे राहिलात की त्यांच्या बॅकना मागे थांबावं लागतं आणि मधली जागा ताणली जाते.

एक सोपी चाल: गोल किक सेंटर बॅकने घ्यायची आणि गोलकीपरला छोटा पास द्यायचा. आता बॉल चालू आहे, गोलकीपर मधोमध आहे आणि दोन्ही बाजू उघड्या आहेत. त्यांचा स्ट्रायकर गोलकीपरकडे आला की त्याने सोडलेला सेंटर बॅक मोकळा. तो येतच नसेल तर घाई करू नका. कोच रॉबर्तो दे झेर्बी यांच्या ब्रायटन या इंग्लिश क्लबचे सेंटर बॅक बॉलवर पायाचा तळवा ठेवून चक्क उभे राहायचे, समोरच्याने यावं म्हणून. तो आला की त्याच्या मागची जागा वापरायची. हे बघायला सोपं वाटतं. करायला थंड डोकं आणि बरं मैदान लागतं.

आमचा गोलकीपर हाताने चांगला आहे, पायाने कच्चा. मग हे सगळं सोडून द्यायचं?

सोडू नका, त्याचं काम कमी करा. २०२०-२१च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) कोच सर्जिओ लोबेरा यांच्या मुंबई सिटीने शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, तेव्हा गोलकीपर अमरिंदर सिंग पासच्या साखळीतला नेहमीचा दुवा होता. शाळेच्या गोलकीपरकडून ते मागू नये. त्याला दोनच पास पक्के शिकवा: उजव्या पायाने दहा-बारा मीटरचा जमिनीवरचा पास आणि फुलबॅकच्या डोक्यावरून लाइनकडे तीस-पस्तीस मीटरची उचललेली किक. तिसरा पर्याय बाहेर मारणं. त्यात लाज नाही. बॉल तुमच्या हाफमध्ये का असेना, पण लाइनबाहेर गेला की सगळ्यांना उभं राहायला वेळ मिळतो.

त्याच्याकडे मागे पास देणाऱ्यासाठी एक सक्तीचा नियम: पास गोलच्या चौकटीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचा, कधीही दोन खांबांच्या मध्ये नाही. टच चुकला तर कॉर्नर जाईल, गोल होणार नाही. सोबत्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलकीपरने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२पासून आहे. थ्रो-इनवरून थेट आलेला बॉलही हातात घेता येत नाही. डोक्याने किंवा छातीने दिलेला चालतो, पण नियमातून पळवाट काढायला बॉल पायाने उचलून डोक्याने दिला तर पंच फाउल आणि पिवळं कार्ड दोन्ही देतात.

हातात बॉल आला की गोलकीपरला आठ सेकंद मिळतात. २०२५च्या बदलानंतर आठ सेकंद ओलांडले की समोरच्यांना कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजतात. ते पूर्ण वापरा. प्रेसवाल्या संघाला सगळ्यांत नको असतं ते हेच थांबणं.

फुलबॅक दर वेळी लाइनजवळ अडकतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा त्याचं अंग. तो लाइनकडे तोंड करून, जवळच्या पायाने बॉल घेतो. मग त्याच्यासमोर लाइन, पाठीवर विंगर आणि आत येणारा रस्ता दिसतच नाही. संध्याकाळी सहाला द्वारका चौकात चुकीच्या लेनमध्ये शिरलेल्या गाडीसारखं होतं: पुढे जाता येत नाही, वळताही येत नाही. त्याने दोन पावलं मागे सरकून, मैदानाकडे तोंड करून, लांबच्या पायाने (पास देणाऱ्यापासून दूरच्या) बॉल घ्यायला हवा. पायाची ही एक सवय बदलली की अर्धे अडकणं थांबतं.

तरीही अडकलाच तर तीन बाहेरचे रस्ते आधीच ठरलेले असावेत: लाइनला समांतर आपल्या विंगरच्या पुढे, तो विंगर खाली आला तर त्याच्या पायावर आणि पहिल्याच टचमध्ये आत सहा नंबरला, किंवा समोरच्याच्या पायावर मारून थ्रो-इन मिळवणं. त्याने करू नये असं एकच आहे: स्वतःच्या गोलसमोरून आडवा पास. तो तुटला की समोर फक्त गोलकीपर उरतो.

सहा नंबरला पास दिला की मागून कुणीतरी हिसकावतो. त्याला पासच देऊ नये का?

द्यायचा, पण कसा ते बघू. त्यांचा स्ट्रायकर सेंटर बॅककडे धावत येतो तेव्हा त्याच्या पाठीमागची पट्टी त्याच्या सावलीत असते. सहा नंबर त्या सावलीत उभा असेल तर पास पोहोचतच नाही. त्याने तिरकं सरकायला हवं, सेंटर बॅकला स्ट्रायकरच्या खांद्याबाजूने तो पूर्ण दिसेल इतकं. यासाठी दोन-तीन पावलं पुरतात. सतत पळत राहिला तर तो स्वतःच पुन्हा सावलीत शिरतो.

दुसरं, मान. बॉल सेंटर बॅककडे जात असताना एकदा मागे बघायचं, आणि सेंटर बॅक पास द्यायला पाय उचलतो तेव्हा पुन्हा एकदा. बॉल वाटेत असताना तिसरं बघणं जमलं तर उत्तमच. पहिल्यांदा बघितलेलं चित्र दोन सेकंदांत जुनं होतं, म्हणून दुसरं बघणं जास्त मोलाचं. मागे कुणी नसेल तर लांबच्या पायाने घेऊन वळायचं. कुणी चिकटलेला असेल तर वळायचं नाही. आल्या पावली पहिल्या टचमध्ये परत द्यायचा आणि हलायचं. तो पास वाया जात नाही, कारण मार्कर तुमच्यामागे ओढला गेला आणि त्याने सोडलेली जागा आठ नंबरला मिळाली.

तिसरा रस्ता सगळ्यांत उपयोगाचा. सेंटर बॅकला सहा नंबर दिसत नाही, पण खाली आलेला स्ट्रायकर दिसतो. जोरात त्याच्या पायावर पास, त्याने एका टचमध्ये सहा नंबरला मागे सोडायचा. आता सहा नंबरचं तोंड पुढे आहे आणि त्यांचे चौघे त्याच्या पाठीमागे पडलेत. यालाच थर्ड मॅन म्हणतात. यात फसतं ते वेळेवर: सहा नंबर पास गेल्यानंतर पळायला लागतो. बॉल सेंटर बॅकच्या पायातून सुटताच त्याने निघायला हवं, स्ट्रायकरपर्यंत पोहोचण्याआधी.

लाँग बॉल कुणावर मारायचा?

सगळ्यांत उंच सेंटर बॅकवर मारू नका, एवढं पाळलं तरी फरक पडतो. त्यांच्या बुटक्या किंवा कच्च्या फुलबॅककडे, लाइनजवळ मारा. बॉल हरला तरी लाइनजवळ हरेल आणि तिथून काउंटर सुरू व्हायला त्यांना आधी आत यावं लागेल. मधोमध हरलेला बॉल दोन्ही बाजूंना उघडतो.

खरी लढत दुसऱ्या बॉलची असते. टप्पा पडतो त्याच्या आठ-दहा मीटरच्या आत तुमचे तिघे हवेत: एक पुढे निसटणारा, एक शेजारी, एक मागे. आणि किक सुटताच मागची चौकडी पंधरा मीटर वर सरकली पाहिजे. हे न झाल्यामुळेच लाँग बॉलला नावं ठेवली जातात. बॅक एरियावर उभे, पुढचे तिघे मध्यरेषेपलीकडे, आणि मधल्या चाळीस मीटरमध्ये त्यांचे मिडफिल्डर निवांत बॉल गोळा करतात. कोच आरिगो साक्की यांच्या मिलानमध्ये पहिल्या आणि शेवटच्या ओळीतलं अंतर पंचवीस मीटरच्या आसपास ठेवण्यावर भर असे. आपल्याकडे पस्तीस जमलं तरी पुष्कळ.

मागची ओळ वर ठेवून प्रेस करणाऱ्यांच्या पाठीमागे मारण्याची दोन उदाहरणं आवर्जून बघा. ४ ऑक्टोबर २०२०ला ॲस्टन व्हिलाने लिव्हरपूलला ७-२ असं हरवलं. ६ एप्रिल २०२१ला रेआल माद्रिदने त्याच लिव्हरपूलला ३-१ने हरवलं, त्यातला पहिला गोल टोनी क्रूसने खोलवरून मारलेल्या लांब पासवर विनिसियसने केला. क्रूसला पास मारताना कुणी अडवलंच नव्हतं. बॉलवर दाब नसताना ओळ वर ठेवणं धोक्याचं, हे अशा गोलांमधून दिसतं.

ऑफसाइड टाळायला धावणाऱ्याने आपल्या हाफमधून निघावं. तिथे ऑफसाइड नसतं. शिवाय गोल किक, थ्रो-इन आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नाही, हे निम्म्या स्ट्रायकरना आठवत नाही.

आमच्या थ्रो-इनवर ते घेरतात.

घेरणारच. फेकणारा बाहेर असल्यामुळे आत तुमचे दहाच असतात आणि एका बाजूला लाइन असते. दोन गोष्टी करा. बॉल मिळताच तीन-चार सेकंदांत फेका, ते जमायच्या आत. ते जमलेच असतील तर जवळच्याच्या पायावर फेकून एका टचमध्ये फेकणाऱ्याकडे परत घ्या, कारण फेकून आत आलेल्याला कुणी माणूस लावलेला नसतो. बाकी लाइनला समांतर लांब फेकणं. आपल्या गोलकडे आडवं फेकू नका.

आम्ही हल्ला करताना बॉल गेला की थेट गोल खातो. मागे किती जण ठेवायचे?

त्यांनी वर जितके ठेवले त्याहून एक जास्त. दोन स्ट्रायकर वर असतील तर तीन मागे, आणि त्यांच्या पुढ्यात एक-दोन मिडफिल्डर. आकड्याइतकीच जागाही महत्त्वाची. मागचे तिघे मध्यरेषेवर निवांत उभे राहिले आणि स्ट्रायकर त्यांच्यापासून दहा मीटर मोकळा असेल, तर तीन असूनही उपयोग नाही. त्याच्यापासून एक-दोन मीटरवर, गोलच्या बाजूला आणि थोडं आत उभं राहायचं, हल्ला चालू असतानाच. गोलकीपर गोलरेषेवर नको. बॉल समोरच्या एरियाजवळ असेल तर तो आपल्या एरियाच्या बाहेर, पंचवीस-तीस मीटरवर हवा.

फुलबॅक दोन्ही एकदम वर जाऊ नयेत. एक गेला की दुसरा आत सरकून मागचा तिसरा होतो. हा साधा करार मोडल्यामुळे जितके गोल जातात तितके दुसऱ्या कशानेही जात नसावेत, असं आमचं मत.

बॉल गेल्यावर जवळच्या तिघांनी पाच सेकंद अंगावर जायचं: एक बॉलवर, दोघे पुढचे पास बंद करायला. पाच सेकंदांत मिळाला नाही तर सगळ्यांनी मागे, मधली जागा भरत. बॉल मिळवणाऱ्याचा पहिला पुढचा पास थांबवला की निम्मा काउंटर तिथेच मरतो. जो हात कमरेवर ठेवून पंचांकडे बघत उभा राहतो, त्याला बदला.

काउंटर सुटलाच आणि दोघांविरुद्ध तुमचा एकच बॅक उरला, तर त्याने बॉलवर झेप घेऊ नये. मागे सरकत, दोघांच्या मधला पास झाकत, वेळ काढायचा. एरियाच्या रेषेपर्यंत आला की मग थांबायचं. तेवढ्यात सहा-सात सेकंद जातात आणि दोन-तीन जण परततात.

आमच्याच कॉर्नरवर गोल खाल्ला. असं कसं होतं?

विश्वचषकातही झालंय. २ जुलै २०१८, रोस्तोव, बेल्जियम विरुद्ध जपान, २-२, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेतली शेवटची मिनिटं. होंडाचा कॉर्नर कुर्त्वाने हवेत झेलला, हाताने डी ब्रुइनकडे सोडला. तो मधून धावत सुटला, मग बॉल उजवीकडे मुनिएला, त्याचा आडवा पास, लुकाकूने पायाखालून जाऊ दिला आणि शाडलीने गोल केला. जपानचे बरेच खेळाडू कॉर्नरसाठी वर गेलेले होते.

यातून घ्यायचं ते असं. कॉर्नर गोलकीपरच्या हातात सहज जाईल असा मारू नका. जवळच्या खांबावर जोरात किंवा पेनल्टी स्पॉटच्या आसपास. मध्यरेषेजवळ त्यांच्या वरच्या माणसांपेक्षा एक जास्त. डीजवळ दोघे, बाहेर आलेला बॉल पहिल्यांदा खेळायला. आणि एका खेळाडूचं काम एकच: झेल घेतलेल्या गोलकीपरसमोर उभं राहणं. त्याला अडवायचं नाही, हात लावायचा नाही, कारण तो फाउल होतो. फक्त त्याच्या पुढच्या रस्त्यात असायचं, म्हणजे त्याला दोन सेकंद उशीर होतो.

काउंटर फाउल करून थांबवावा का?

मोठे संघ करतात. चांगला हल्ला तोडला तर पिवळं कार्ड, आणि नक्की गोलची संधी एरियाबाहेर फाउलने हिरावली तर लाल. चौदा वर्षांखालच्या मुलांना हे शिकवू नये असं आम्हाला वाटतं. त्यांना पाच सेकंदांची धाव शिकवावी.

बॉल त्यांनाच देऊन टाकला तर?

चालतं, आणि बरेचदा चांगलं चालतं. प्रेस-काउंटरवर जगणाऱ्या अनेक संघांना भरलेल्या बचावासमोर बॉल घेऊन काय करायचं ते सुचत नाही. मध्यरेषेच्या थोडं मागे चार-चार जणांच्या दोन ओळी बांधा, मधला रस्ता बंद ठेवा, बाजूने जाऊ द्या. ते सहा-सात जण घेऊन वर आले की आता काउंटरची संधी तुमची. आघाडीवर असाल तर हे पहिलं बघावं. पिछाडीवर असाल तर अर्थात नाही.

ते शेवटी दमतील, तेव्हा आम्ही खेळू. हे बरोबर आहे?

नव्वद मिनिटांच्या सामन्यात काही अंशी. शालेय आणि स्थानिक सामने पुष्कळदा याहून लहान असतात, आणि स्पर्धेच्या नियमांत बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत असेल तर ताजे पाय सतत येत राहतात. त्यांची प्रेस शेवटपर्यंत टिकेल असं धरूनच उतरा. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी सामना असेल तर मात्र दहा-बारा पासची एक साखळीही त्यांचा दम काढते. तेव्हा बॉल पळवा, माणसं नाही.

आठवड्यात तीनच दिवस सराव होतो आणि अर्ध्या मैदानावर क्रिकेटची नेट्स असतात. काय घ्यायचं?

अर्धं मैदान पुरतं. पहिल्या दिवशी आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध दोन. तीन मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती, पाच फेऱ्या. नियम असा की पास लांबच्या पायावर मिळाला तरच मोजायचा. कोचने पायाकडे बघायचं, बॉलकडे नाही.

दुसऱ्या दिवशी खरं काम. एरिया ते मध्यरेषा एवढ्या जागेत गोलकीपर आणि सहा जण विरुद्ध चार ते सहा. मध्यरेषेवर दोन्ही बाजूंना शंकू लावून तीन-तीन मीटरची दोन छोटी गोल. सुरुवात दर वेळी गोल किकने. बाहेर काढणाऱ्यांनी छोट्या गोलमधून पास काढला की एक गुण. प्रेसवाल्यांनी बॉल जिंकून आठ सेकंदांत मोठा गोल मारला की दोन. गुण असे विषम ठेवल्यामुळे चुकीच्या जागी बॉल घालवायची किंमत मुलांना आपोआप कळते. चार मिनिटांच्या सहा फेऱ्या. आधी चार प्रेसर ठेवा, जमलं की पाच, मग सहा. पहिल्याच दिवशी सहा ठेवले तर मुलं फक्त बॉल उडवायला शिकतात.

तिसऱ्या दिवशी हल्ला करताना कोचने मध्येच शिट्टी मारून दुसऱ्या बाजूला नवा बॉल टाकायचा. पाच सेकंदांत कोण कुठे धावलं ते बघायचं. सोबत थ्रो-इन आणि कॉर्नर, दहा-दहा मिनिटं.

ओरडण्याचे शब्दही ठरवून घ्या: मागे माणूस असेल तर ‘मागे’, मोकळा असेल तर ‘वळ’, परत हवा असेल तर ‘दे’. ओरडायचं पास देणाऱ्याने. घेणाऱ्याला पाठीमागचं दिसत नसतं. लाइनबाहेरून पालक ‘मार, मार’ करतात त्यावर उपाय एकच, सामन्याआधी त्यांना सांगून ठेवणं.

जुलै-ऑगस्टमध्ये सामने असतात. चिखलात यातलं काय चालतं?

कमी. काळ्या मातीचं मैदान भिजलं की जमिनीवरचा पास मध्येच अडतो, आणि अडलेला पास म्हणजे त्यांना आमंत्रण. वॉर्म-अपमध्ये दोन्ही एरिया आणि दोन्ही बाजूंनी बॉल सोडून बघा, कुठे थांबतो, कुठे घसरतो. आपल्या एरियासमोर पाणी साचलं असेल तर त्या हाफमध्ये खालून निघूच नका. थेट लाइनजवळ लांब आणि दुसऱ्या बॉलसाठी चार जण. हाफ टाइमनंतर बाजू बदलते, तेव्हा ठरवलेलंही बदला. स्टडचे बूट नसतील तर वळताना पाय घसरतो, म्हणून अशा दिवशी सहा नंबरने वळण्यापेक्षा एका टचमध्ये सोडणं बरं. फक्त पाऊस पडून गेलेलं, पण घट्ट मैदान असेल तर उलट: बॉल वेगाने सरकतो आणि पास देणाऱ्यांचा फायदा होतो.

गंगापूर रोड, इंदिरानगरकडच्या टर्फवर पाच किंवा सात जणांचा खेळ असतो. तिथेही हेच?

मोजणी तीच, अंतरं वेगळी. टर्फवर बहुतेक ठिकाणी ऑफसाइड नसतं, म्हणून एकाला थेट त्यांच्या गोलजवळ उभं करा. त्यांचा एक माणूस तिथे अडकतो आणि प्रेसला एक कमी पडतो. गोलकीपरने हाताने फेकावं, लाथेपेक्षा ते अचूक असतं. बाजूला जाळी असेल आणि बॉल तिला लागूनही चालू राहत असेल, तर अडकल्यावर जाळीवर तिरका मारून स्वतःच पुढे घ्या. सात जणांत गोलकीपर सोडून दोन-तीन-एक अशी मांडणी प्रेसविरुद्ध बरी पडते. मधल्या तिघांपैकी दोघे लाइनला चिकटून, एक मध्ये. पाच जणांत मात्र मागे नेहमी एक राहिलाच पाहिजे, कारण तिथे बॉल गेल्यापासून गोलपर्यंत तीन सेकंदही लागत नाहीत.